डब्यांत भरलेली जीप

ता. ११ फेब्रुवारी

चि. वहिनीस,

अ. उ. आ.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. दुकान होतं तसंच आहे. मी नव्हते तरी बटणं आपसांत भांडली नाहीत, एवढंच.

वाटभर तुझाच विचार करत होते. धाकट्या भावाच्या मागे मी तुझ्याकडे राहिले तेवढ्या दिवसांत तू एकदाही रडली नाहीस. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहात साखर किती, ते विचारत होतीस. शेजारणी माझ्याकडे बघायच्या आणि मी तुझ्याकडे. अगं, माणसाने एकदा तरी भोकाड पसरावं. मी पसरलं, पाहिलंस ना? घरमालकांचा कुत्रा घाबरून पलंगाखाली गेला. धाकटा झोपेत गेला, त्याला त्रास झाला नाही, असं सगळे मला सांगतात. त्याला झाला नाही हे खरं, पण मला झालाच की.

आता कामाचं. निघताना तुझ्या घरमालकांनी मला फाटकापाशी गाठलं. मागची शेड त्यांना जावयाच्या छापखान्यासाठी हवी आहे. मेअखेर मोकळी करा म्हणाले. धाकट्याची जीप आपल्या चाकांवर बाहेर आली तर फाटकाजवळच्या जागेत उभी करू देतील, नाहीतर भंगारवाल्याला बोलावून आहे तिथेच कापायला लावतील. ‘तुमच्या दुःखात मी पूर्ण सहभागी आहे, पण शेड...’ असं म्हणून त्यांनी डोळे टिपले. शेडचं माप मात्र आधीच घेऊन ठेवलं होतं.

माझं ऐकशील तर दे ती भंगारात. धाकट्याने आणली तेव्हा चालत होती. दुरुस्त करायला म्हणून खोलली आणि बंद पडली. ‘पुढच्या महिन्यात चालू’ हे ऐकून माझे कान पिकले होते. तू इकडे ये. मागची खोली रिकामी केली आहे. तिथली लेस आणि झालरींची खोकी सध्या माझ्या पलंगावर झोपतात.

जाता जाता एक चांगलं काम करून आले ते सांगायचं राहिलं. शेडमध्ये चहाचे, बिस्किटांचे, पावडरचे गंजके डबे पडले होते. प्रत्येकात थोडेथोडे नट-बोल्ट, मोठ्याला लहान नाही की लांबाला आखूड नाही, सगळी खिचडी. मी बसून सगळे रॉकेलने धुतले, पुसले आणि दुकानात बटणं लावते तसे मापाप्रमाणे बरण्यांत भरले. डबे कचऱ्यात दिले. निदान एक कोपरा तरी लख्ख झाला.

उत्तर धाड, आणि नुसत्या चहावर राहू नकोस.

तुझी एकुलती एक नणंद

ता. २ मार्च

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवते. आमटीत मीठ घालायचं राहतं असं शेजारीण म्हणते, पण ते मला तिने चाखेपर्यंत कळत नाही.

जीप भंगारात द्यायची नाही. मी ती जोडणार आहे. खुशाल हसा, इथवर ऐकू येत नाही. का जोडते, ते मला नीट सांगता येणार नाही. दवाखान्यातून घरी यायचं, साडी बदलायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं, त्यापेक्षा साडी बदलून गाडीखाली जाऊन आडवं पडावं. तिथे निदान कुणी खाली वाकून ‘मन मोकळं करा’ म्हणत नाही.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांची जुनी, टोकाला आकडी असलेली हत्यारं मला दिली. कार्बुरेटरची बारीक भोकं साफ करायला त्यांच्यासारखं काही नाही. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र येतात ती जागा. तुमच्या भावाचं म्हणणं, ते गाडीचं स्वयंपाकघर. घरातली सगळी बोंब तिथूनच उठते. मला तर ते आमच्या पेशंटसारखं दिसतं, आ करून बसलेलं. फक्त कण्हत नाही, आणि पुढच्या तारखेला येतो सांगून गुंगारा देत नाही.

मदतीला बस डेपोतून निवृत्त झालेले एक मिस्तरी येतात. गुडघ्यांमुळे ते वाकत नाहीत. खुर्चीत बसून मला वाकवतात. कशालाही आधी ‘हे होणे नाही’ म्हणतात आणि चहा संपेपर्यंत वाट काढतात. कधीकधी दोन कप लागतात.

नवं काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. सीट मोडीत निघालेल्या शाळेच्या बसचं मिळालं. त्याच्या पाठीवर कुणीतरी ‘गाढव’ असं कोरलंय, ती बाजू चालवणाऱ्याकडे ठेवली आहे. रंग मालकांच्या फाटकाचा उरलेला. त्यामुळे गाडी फाटकाची सख्खी बहीण दिसेल. छप्पर जुन्या ताडपत्रीचं शिवते आहे. तुमच्याकडे जाड कापडाला लागणारी पितळी टिचबटणं असतील तर पाठवा, आणि नणंदेच्या भावाने पाठवा, दुकानाच्या नको.

एक सहज विचारते. गुलाबी झाकणाचा चपटा डबा होता, त्यातले बोल्ट लांब होते की आखूड? त्यांच्याबरोबर पितळी वायसर होते का?

लोभ आहेच, तो टिचबटणांसकट धाडावा.

आपली,
वहिनी

ता. १४ मार्च

चि. वहिनीस,

अ. उ. आ.

टिचबटणं पाठवली आहेत. चार जास्त घातलीत. तू बोटाला टोचून घेशील आणि रागाने दोन-तीन फेकशील, हे धरून.

गुलाबी झाकण मला कसं आठवणार? डबे होते की संग्रहालय? अगं, बरण्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्यात, बारीक, मध्यम, मोठे. हवा तो काढायचा आणि लावायचा. बटण काजात गेलं की झालं, त्यात एवढी चौकशी कसली? एवढं सगळं हाताशी लावून दिलं तरी तुमचं काम पुढे सरकत नाही म्हणजे मिस्तरी चहाच पितात.

दुकानातली गिऱ्हाइकं विचारतात, वहिनी कशा आहेत? मी सांगते, गाडीखाली आहेत. लोक हळहळतात. त्यांना वाटतं, अपघात झाला.

तुझ्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. विचारून द्यायला हवा होता. नाही विचारलं.

तुझी नणंद

ता. २० मार्च

चि. वहिनीस,

अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

आज दुकानात एक शिंपीणबाई आल्या. चार कोटांची बटणं चार पुड्यांत बांधून आणली होती, हरवलेल्यांच्या जागी जुळती हवी होती. आमच्या दुकानातल्या बाईने चारही पुड्या एका ताटलीत ओतल्या आणि मापाने लावायला घेतल्या. मी तिच्यावर खेकसले, अहो, माप काय करायचंय, कुठलं बटण कुठल्या कोटाचं ते पुडीवरूनच तर कळत होतं! आणि बोलता बोलता मला शेडमधले डबे आठवले. गिऱ्हाईक तसंच सोडून कागद घेऊन बसले.

वहिनी, एकेक डबा म्हणजे गाडीचा एकेक भाग होता का गं? धाकट्याने उघडलं तसं लावून ठेवलं होतं का? आणि ते मी धुऊन पुसून एक केलं? तू घरात होतीस, मला बरण्या भरताना बघत होतीस, मग ओरडली का नाहीस?

खरं काय ते लिही. मला सांभाळून घेऊ नकोस.

नणंद

ता. ५ एप्रिल

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

होय. एक डबा म्हणजे एक अवयव. कुठल्या डब्यात काय, ते तुमच्या भावाच्या डोक्यात. मला गुलाबी झाकणाचा तेवढा माहीत, कारण त्यातली बिस्किटं मी खाल्ली होती.

तुम्ही बरण्या भरत होतात तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही काय करता आहात ते मला दिसत होतं, कळतही होतं. बोलावं असं वाटलं नाही. बाहेर पाऊस पडताना दोरीवरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत, तसं मी ते बघत राहिले. तेव्हा चूक असलीच तर दोघींनी वाटून घेऊ.

मिस्तरींनी बरण्या पाहून विचारलं की हे काम शत्रूचं की नातेवाइकांचं. मी म्हटलं, धुऊन पुसून ठेवलंय, म्हणजे नातेवाईकच. ते म्हणाले, हे होणे नाही. मी चहा ठेवला.

आता सांगते, काम कसं चालतं. बोल्ट ज्या जागी बसलेला असतो तिथे वायसरचा गोल ठसा राहतो. ठशाच्या आत गंज नसतो. त्या ठशावरून माप धरायचं, बरणी उपडी करायची आणि एकेक लावून बघायचा. लांब झाला तर आत टेकतो, आखूड असला तर दोन आट्यांत डुलायला लागतो. नाही बसला तर परत बरणीत, मग पुढचा. जोर लावायचा नाही. मिस्तरी म्हणतात, जबरदस्तीने बसवलेला बोल्ट आणि माणूस, दोघे भर रस्त्यात सुटतात. पाण्याचा पंप असा बसला. मागच्या चाकांना फिरवणारा दांडा बसला. एका बाजूचा ब्रेक दोनदा बसवून दोनदा उतरवला. डेपोच्या बाहेरच्या भंगारातून काही बोल्ट वजनावर आणले, तेही तुमच्या बरण्यांत मिसळले. आता तुमच्या चिठ्ठ्या खऱ्या उपयोगी पडतात, हे टोमणा म्हणून लिहीत नाही.

तुम्हांला विचारायचं असेल, राग आला का. येईल म्हणून मी पायरीवर बसून वाट पाहिली होती. आला नाही. मग म्हटलं, रडू तरी येईल. तेही नाही. उठून दूध तापवलं. दाढ काढलेल्या माणसाला मी दवाखान्यातून जाताना सांगते, अजून काही खाऊ नका, गाल चावला तरी कळायचा नाही, रक्त दिसेल तेव्हा समजेल. लोकांना हसू येतं, तोंड वाकडं करून हसतात. माझं सध्या तसं आहे. फरक एवढाच की त्यांना भूल कधी उतरेल ते मी सांगू शकते.

तुम्ही मात्र रडत बसू नका. माझ्या वाटचंही तुम्ही पुरेसं रडला आहात. टिचबटणं पोचली, छप्पर झालं. तीन फेकली.

मालक रोज संध्याकाळी येऊन शेडच्या दारात उभे राहतात आणि ‘घाई नाही’ म्हणतात. इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती.

आपली,
वहिनी

ता. १९ मे

चि. वहिनीस,

अ. उ. आ.

तुझे मालक आता मलाच पत्र लिहायला लागलेत. दोघींत मी समजूतदार आहे असा त्यांचा गैरसमज दिसतो. ३१ तारखेला सकाळी भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार, असं त्यांनी कळवलं आहे. खाली ‘आपला शुभचिंतक’ अशी सही.

मी येऊ का? हात लावणार नाही कशालाही, शपथ. नुसती उभी राहीन.

तू चालवशील ना नीट? तुला जीप चालवता येते हे मला माहीत आहे. तुमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबालाही माहीत आहे. आणि गाडी सुरू झाली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेतलंस तर मला बरंच वाटेल म्हणा. काहीतरी लागलं म्हणायचं.

तुझी नणंद

ता. ३१ मे

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

तुम्हांला ‘या’ म्हणून उत्तर लिहिलं नाही, कारण ब्रेक तिसऱ्यांदा उतरवला होता. माफ करा.

भंगारवाला वेळेआधीच आला. मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मिस्तरींनी खुर्ची शेडबाहेर आणवली, म्हणजे गाडी मागे आली तर निदान गुडघे वाचतील. मूठभर बोल्ट शिल्लक आहेत. ते मुळात जास्तीचे आहेत की कुठे हवे होते, हे गाडी चालली तरच कळेल, असं ते म्हणाले.

पहिल्यांदा ती नुसती खोकली. दुसऱ्यांदा काळा धूर आला आणि मालक शर्ट वाचवायला लांब गेले. तिसऱ्यांदा सुरू झाली.

शेडची जमीन रस्त्यापेक्षा खाली आहे आणि वर येणारा उतार सुट्या मातीचा. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मिस्तरी ओरडले, बाई, छोटा दांडा ओढा! तो ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. ओढला. चारही चाकांनी एकदम माती धरली आणि गाडी वर आली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. भंगारवाल्यानेही वाजवल्या, बिचाऱ्याचं नुकसान होऊन. आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता तरी काही होईल, असं. मीही वाट पाहिली. काही झालं नाही.

मालक फाटकाजवळची जागा दाखवत होते, इथे, इथे. मला थांबावंसं वाटलं नाही. मी तशीच फाटकातून बाहेर पडले. मागून मिस्तरी ओरडत होते, ते बहुधा ‘हे होणे नाही’ असावं.

मोठ्या चौकात क्लचवरून पाय सटकला आणि गाडी मधोमध बंद पडली. मागे ट्रक, त्याच्यामागे सगळं गाव. भोंग्यांचा नुसता गिल्ला. ट्रकवाला उतरून आला. दांडगा माणूस, मानेला घाम. आत डोकं घालून म्हणाला, बाई, येत नाही तर रस्त्यावर आणता कशाला? मालकांना बोलवा तुमच्या. मला आधी घरमालकच वाटले. मग म्हणाला, मिस्टरांना हो, मिस्टरांना! कुठे आहेत ते?

मी म्हटलं, ते वारले.

वन्सं, हा शब्द मी आज पहिल्यांदा उच्चारला. त्या सकाळी शेजारच्यांनी डॉक्टर आणला, डॉक्टरांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी तुम्हांला कळवलं. दवाखान्यात आमच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, गल्लीत मालकांनी. जो येत होता तो माहिती घेऊनच येत होता. मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. एवढ्या मोठ्या गावात हा एक माणूस निघाला, ज्याला माहीत नव्हतं.

त्याने विचारलं, कधी? मी म्हटलं, जानेवारीत. कशाने? झोपेत. तुम्ही शेजारी होतात? मी म्हटलं, होते, मला कळलं नाही, मी उठून दूध तापवलं आणि मग हाक मारली. तो विचारत गेला, मी सांगत गेले. भोंगे चालूच होते. मग त्याने मागे वळून त्या भोंगेवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, त्यांतल्याच दोघांना खाली उतरवलं आणि तिघांनी मिळून गाडी ढकलली. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. सुरू झाली. त्याला हात करायचा राहिला.

आता गाडी फाटकाजवळ उभी आहे. बोल्ट उरलेले ते जास्तीचेच होते, असं मिस्तरींनी जाहीर केलं आहे. पिवळ्या खोलीचं नंतर बघू. आधी तुम्ही इकडे या, आणि हात लावा कशालाही.

पण पत्र मुळात ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. वन्सं, तुम्हांला कळवायचं ते असं की, तुमचा भाऊ गेला. जानेवारीत, झोपेत. तुम्हांला ठाऊक आहे, पण मी कळवलं नव्हतं.

लोभ जिथे आहे तिथून थोडा जवळ आणावा.

आपली,
वहिनी