पहिलं बाळंतपण माहेरी

दवाखाना, गुरुवार

प्रिय पुष्पा,

खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक सांगितलं हे वाचून हायसं वाटलं. तरी विचारतोच, बाळ नीट फिरतं ना? पाय सुजत नाहीत ना? उगाच ‘बरी आहे’ लिहून मोकळी होऊ नकोस. आणि लोणचं कमी कर. आईच्या हातचं आहे म्हणून ताटभर वाढून घेत असशील, ओळखून आहे मी तुला.

तू गेल्यावर आलेली मेडिकल कॉलेजची पोरं आता इथं रुळलीत. पुस्तकं तोंडपाठ, पण पेशंट पाहिलेला तो खाटेवर निजलेलाच. तायडे नावाच्या पोरानं हगवणीच्या लेकराला औषध दिलं, तरी लेकरू सुकतच चाललं. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, घरी जा, ओट्यावर बस, ते काय पितं ते बघ. संध्याकाळी धापा टाकत आला. सर, आजीनं पाणीच बंद केलंय! हगवणीत पाणी द्यायचं नाही ही इथली रीत, ती त्याला कोण शिकवणार? मग त्यानंच आजीची समजूत काढली, मीठ घातलेली भाताची पेज चमच्यानं पाजली. लेकरू बचावलं. तेव्हापासून मी व्याख्यान देत नाही, नुसतं विचारतो. पोरं चिडतात, पण शिकतात.

बाळंतपणाचं मात्र अडलंय. पोरांत गावंडे म्हणून मुलगी आहे, शांत, हाताची हलकी. कौशल्याबाई नर्सनं तिला सगळं दाखवून तयार केलंय. पण बाईच येत नाही. दवाखान्यात नाव घातलेल्यासुद्धा घरीच सुईणीला बोलावतात. पुढच्या महिन्यात वरचे साहेब पाहायला येणार. एकही बाळंतपण पोरांच्या हातून झालं नाही, तर पुढची तुकडी इथं यायची नाही. पोरं परत बाकावर बसून घोकत राहतील, आणि डॉक्टर होऊन अशाच एखाद्या गावात आली की पहिल्याच बाईपाशी गोंधळून जातील. या विचारानं जेवण जात नाही मला.

काल तानुबाईंकडे गेलो. आपल्याला भाजी देतात त्याच. त्यांच्या सुनेचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरलेत, तिला दवाखान्यात आणा म्हटलं. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, तुमची बायको तुमी खामगावले ठेवली, अन् आमच्या सुनाईवर पोरायले शिकवून राह्यले! काऊन हो डॉक्टर? आमच्या सुना का उकिरड्यावर सापडल्या? मी म्हटलं, मावशी, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना. त्या म्हणाल्या, हाव, ते बी खरं. आणि मलाच पावशेर मेथी बांधून दिली. रीत पाठीशी होती म्हणून सुटलो. पण घरी येऊन ती मेथी खाववेना.

म्हणून हे लिहितोय. पुष्पा, नववा लागायच्या आत इकडं ये. बाळंतपण इथंच करू. गावंडे करेल, कौशल्याबाई शेजारी असतील, जीप दाराशी उभी ठेवीन. मी त्याच खोलीत हात मागं बांधून उभा राहीन, आणि खरं सांगतो, मला आत्ताच घाम फुटलाय. सगळं नीट असताना बिघडलेलं मी पाहिलंय. तुझी आई मला जन्मभर माफ करणार नाही, हेही कळतं. पोट तुझं, जीव तुझा, हट्ट तेवढा माझा. तू नाही म्हणालीस तर रागावणार नाही, देवाशप्पथ. फक्त मग तानुबाईंच्या सुनेला ‘ये’ म्हणायला माझं तोंड उघडणार नाही. आईला दाखवण्याआधी एकटीनं वाच. सोमवारी जीप घेऊन येतो. येशील का गं?

भेदरलेला, तरी तुझाच,
अर्जुन