धन्यवादाबरोबर कचरापेटीत गेलेली बोरिवलीची बदली

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
विभागीय कार्यालय, मुलुंड (पश्चिम)

विषय : विनंती बदली कचरापेटीतून परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'ई-मेल शिष्टाचार' परिपत्रक, दि. ३ जून २०२५.

महोदया,

१. अर्जदार नंदकिशोर राऊत, वरिष्ठ लिपिक, सादर करतो की, आपल्या आदेशानुसार त्याने उपरोक्त परिपत्रक सर्व ३१२ कर्मचाऱ्यांना ई-मेलने पाठवले. 'सर्वांना उत्तर पाठवू नये' हा त्यातला पहिलाच नियम. त्यावर २८७ जणांनी 'नोंद घेतली, धन्यवाद' असे सर्वांना कळवले. आपणही 'स्तुत्य उपक्रम' असे सर्वांना कळवलेत. मग उरलेल्यांनाही गप्प बसवेना.

२. सबब, 'धन्यवाद' असलेला प्रत्येक ई-मेल परस्पर कचरापेटीत जावा, अशी सोय अर्जदाराने स्वतःच्या संगणकावर केली. चार दिवस फार सुखाचे गेले.

३. पाचव्या दिवशी अर्जदाराची सहा वर्षे रखडलेली बोरिवलीची बदली मंजूर झाली. 'सात दिवसांत संमती कळवावी, धन्यवाद' असा ई-मेल आला आणि गेला. मुदत संपताच ती जागा यादीतील पुढचे, घाटकोपरला राहणारे आमच्याच कार्यालयातले श्री. कृणाल म्हात्रे यांना न मागताच मिळाली. बदली झाली की पेढे वाटायचे, ही आपल्याकडची रीत. अर्जदाराने दोन पेढे खाल्ले आणि मग निमित्त विचारले. तिथेच त्याला रडू आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

४. श्री. म्हात्रे भला माणूस. "काका, मला घाटकोपरहून मुलुंडच बरं पडतं. तुम्ही जा ना बिनधास्त," असे म्हणून त्यांनी जागा सोडत असल्याचे तीन ई-मेल आपणांस पाठवले. उत्तर नाही. चौकशीअंती आठवले की, वरील सोय पसंत पडून आपण ती स्वतःच्याही संगणकावर करवून घेतली होती. करून दिली अर्जदारानेच. श्री. म्हात्रे यांना घरचे वळण चांगले, ते प्रत्येक पत्राखाली धन्यवाद लिहितात.

५. श्री. म्हात्रे यांना सोमवारी कार्यमुक्त करणार आहेत. त्यापूर्वी आदेश बदलावा व तो कागदावर, शिपाई श्री. सहदेव यांच्या हाती द्यावा, ही विनंती.

६. अर्जदाराची आई पार्वतीबाई, वय ८१, बोरिवलीच्या घरी दिवसभर एकटी असते. मुलुंडहून बसने घरी पोचायला अर्जदाराला नऊ वाजतात आणि तोवर ती ताट झाकून बसते. हा अर्ज तिला वाचून दाखवला. ती एवढेच म्हणाली, "बाईंना सांग, मला भूक सातला लागते."

आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
नंदकिशोर राऊत
दि. ४ जुलै २०२५

सोबत : श्री. म्हात्रे यांचे हस्तलिखित संमतीपत्र (शेवटचा शब्द अर्जदाराच्या विनंतीवरून खोडलेला आहे).