अर्धा डबा

दहिवली,
१४ नोव्हेंबर

मनोजभावोजींना कान्हाचा नमस्कार. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण तुमचे पाय घरी दिसतील तेव्हा बघू.

तीन दिवस हा कागद टाळत होतो. दहावीनंतर पेन धरलं ते रिसॉर्टच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि ताईचा उचलून "शिफ्टला हाय" म्हणून ठेवता. कागदाला असं सांगता येत नाही.

ताई आमच्याकडे आहे. मंगळवारी मीच आणली, टेंपोत गादी घालून. अंगात ताप होता. कर्जतची डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे, झोप आणि पोटभर खाणं हेच मोठं औषध. एवढं कळायला शिकावं लागतं का?

तुमचं म्हणणं ठाऊक आहे. दुसरं बाळंतपण, तिला सगळी सवय आहे. वा! तुमचा मुतखडा पडला तेव्हा खोपोलीच्या कारखान्यातून येऊन पंधरा दिवस खाटेवर पडला होतात, आणि ताई तुम्हाला नारळपाणी आणून देत होती. खडा नखाएवढा होता, भावोजी. पोरगा तीन किलोचा आहे.

मंगळवारी कडावला तुमच्या घरी गेलो तर ताई चुलीपुढे. भाताच्या झोडणीला आलेल्या माणसांच्या भाकऱ्या थापत होती. बाळंत होऊन बारावा दिवस, आणि कानाला साधा रुमाल नाही. तुमची रिया, तीन वर्षांची, पाळण्याची दोरी ओढत होती. माणसं जेवून गेली, एकानंही ताट उचललं नाही. तुमच्या घराची रीतच असेल.

वर रिसॉर्टचं लिहिलं त्यावरून आठवलं, कळंबची ती नोकरी मी सोडली. मालकाला वाटायचं तिथला पाण्याचा पंप मी बिघडवला. बिघडवला मीच, पण त्याला कसं कळलं?

असो. ज्यासाठी बसलोय ते अजून लिहिलं नाही.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी आईनं माझ्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा दिला होता. खारीक कुटून कुटून तिच्या हाताला फोड आले होते. म्हणाली, "थेट कडावला जा रं." मी थेट कधी कुठं गेलोय? कळंबला रिसॉर्टवरच्या माझ्या दोस्ताकडे, प्रवीणकडे वळलो, एक रात्र राहिलो. आम्ही दोघांनी खाल्ले. रिसॉर्टवर उतरलेली मुंबईची एक पाहुणी म्हणाली, जिमनंतर खायला मस्त आहेत. तिलाही दिले, वर बांधूनही दिले.

कडावला तुमच्या आईनं झाकण उघडलं. "आगं छाया, तुज्या मायेरानं अर्धंच बाळंतपण धाडलं गं! मंग उरलेलं आमीच का करायचं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्यावरच्या कापडी चिमण्या बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उठली आणि कामाला लागली. टेंपोत मला म्हणाली, "शरमेनं उठले रं. बसून खायचं ते कुनाच्या जिवावर?" इथं आल्यावर आईनं विचारलं, "लाडू पुरले का गं?" ताई म्हणाली, "पुरले." मी टेंपोतली गादी उतरवायला गेलो.

तर तुमच्याबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे, एक अक्षर मागं घेणार नाही. पण तिला चुलीपुढे मी बसवली, आणि तिथून उठवायला तुम्ही आला नाहीत, पोरगा झाल्यापासून दोन आठवड्यांत एकदाही नाही.

थांबा, बाहेर रिक्षा वाजली.

भावोजी, तुमची आई आलीय. चंद्राबाई, एकटी, हातात कपड्यांची पिशवी. लग्नानंतर आमच्या उंबऱ्यात पहिल्यांदाच. मला वाटलं भांडायला आली. ती सरळ आत गेली, ताईच्या कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाली, "विहीणबाय, तिला उठू दिलं ते चुकलंच माजं. सव्वा म्हयना होईस्तर मी हितंच राहीन. पन तुमी तरी डबा अर्धा का धाडलात?"

आई म्हणतेय, "अर्धा? काठोकाठ भरला होता मी."

तिघींची तोंडं माझ्याकडे वळलीत. उठतो आता, सांगून टाकतो.

तुमच्याइतकाच नालायक, पण निदान घरात असलेला,
कान्हा