पियानो थांबत नाही

४ मार्च

निषेध! माझ्या बशीतला चमचा नाचतो आहे.

खालच्या मजल्यावर नाचाचा वर्ग भरतो. संध्याकाळ झाली की नाचाच्या बाई स्पीकर लावतात, आणि प्रत्येक 'ढब' बरोबर माझा चमचा बशीच्या काठाकडे सरकतो. आज त्याने काठ ओलांडून थेट माझ्या लेखावर उडी घेतली. समाजाच्या ऱ्हासावर लिहीत होतो. आता चमच्याच्या ऱ्हासावर लिहावं म्हणतो. वाचक तेच राहतील.

पूर्वी असं नव्हतं. खाली ही – माझी बायको – मुलांच्या नाचाला पियानोची साथ करायची. पियानोही हिचाच. वर्षानुवर्षं सूर माझ्या पायांखालून वर येत राहिले, पण चमचा कधी जागचा हलला नाही. एकच खोट होती – मध्येच अडखळायची. रोज, ठरल्यासारखी. ती वर आली की मी म्हणायचो, "आज पुन्हा ठेच!" ती नुसती हसायची.

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय परतला. बोलणं तर दुपटीने परतलं. डावा हात तेवढा नाही.

६ मार्च

नाचाच्या बाई वर आल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचं होतं.

"रागावू नका हं. पियानोवर पोरं दप्तरं टाकतात. बघवत नाही मला. महिनाअखेर जागा मोकळी झाली तर तिथे आरसा लावेन म्हणते."

"लावा की," ही म्हणाली. "विकून टाकू आम्ही." दूध नासलंय, ओतून टाका – त्या आवाजात.

बाई गेल्यावर ती एका हाताने टॉवेलची घडी घालत बसली. घडी काही येईना. मी खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी बघत राहिलो.

७ मार्च

बाजारात आपोआप वाजणारे पियानो मिळतात म्हणे. संगणकावर चालणारे. वादक नको, काही नको. म्हटलं, जाऊन बघतो – इतका फुकटचा विषय पुन्हा कधी मिळणार? माणसाची बदली तर झालीच होती, आता भुताची नेमणूक!

"हसायला जातोयस," ही म्हणाली, "आणि प्रेमात पडून येशील."

"मी? यंत्राच्या?"

"लाव पैज. तू हसलास तर तू जिंकलास. पियानो विकायचा, विषय बंद. हरलास तर जिना उतरून खाली वर्गात यायचं आणि तासभर गप्प बसायचं."

"तू तर वर्गात जात नाहीस. मग मी कुणासमोर गप्प बसू?"

"म्हणून तर म्हटलं. सुटलास."

जिंकलो तर पियानो जाणार. हरलो तर वसुली करायला कुणी नाही. दोन्हीकडून मीच मेलो!

९ मार्च

दुकान. जाड गालिचा, हळू बोलणारी माणसं, जिकडेतिकडे पॉलिश. पहिला विनोद दारातच सुचला होता.

विक्रेतीबाईंचा चष्मा कपाळावर, तोंड अखंड चालू. "बसा. त्या स्टुलावर नको, ते त्याचं आहे." कुणाचं? स्टूल रिकामं! त्यांनी टॅबलेटवर बोट टेकवलं.

आधी पेडल खाली गेलं. एकही सूर निघायच्या आधी! मग पट्ट्या आपल्या आपण दबायला लागल्या. मला वाटलं, आत स्पीकर लपवलाय. वाकून बघितलं. नाही! खऱ्या हातोड्या खऱ्या तारांवर पडत होत्या. प्रत्येक पट्टीखाली विजेवर हलणारा एक छोटा दांडा. कुणा वादकाने कोणती पट्टी कधी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, ते सगळं संगणकाच्या ध्यानात. दांडा तेवढ्याच जोराने ती पट्टी हलवतो. म्हणजे बाकीची यंत्रं आवाज साठवतात. हे हात साठवतं.

हात!

"आता जरा जोरदार काहीतरी," मी म्हटलं.

"जोरात काय, कुणीही वाजवतं. घेताना हळू वाजवून घ्यायचं. हलक्या यंत्राला हळू जमत नाही. सूर गाळतं."

मग त्यांनी इतकं हळू काहीतरी लावलं की मी श्वास रोखून ऐकलं. एकही सूर गळला नाही. मी आयुष्यभर जोरात लिहीत आलो आहे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

घरी आलो. "हसलास का?"

"पोट धरून."

"चष्म्याचं घर कुठे विसरलास?"

१० मार्च

हरलो. अजून कबूल केलेलं नाही.

१२ मार्च

चष्म्याचं घर आणायला गेलो. दुसरं काहीही कारण नव्हतं. दुकान बंद होईपर्यंत बसलो.

आता मी या विषयातला तज्ज्ञ आहे. यंत्र बसवूनच कारखान्यातून येतो तो नवा पियानो – किंमत ऐकली आणि 'त्याच्या' स्टुलावर बसलो. जुना, वापरलेला घ्यावा तर तो फ्लॉपी खाऊन जगायचा. आता उपाशी आहे. तिसरी वाट – घरचा पियानो ठेवायचा आणि त्याच्याच पोटात यंत्र बसवायचं.

"घरचा बरा असेल तर हेच करा," विक्रेतीबाई म्हणाल्या. "पण मोडका असेल तर नको. यंत्र उत्तम असलं तरी मोडकंच ऐकवणार. अगदी अचूक." आणि हजारो गाण्यांच्या मासिक वर्गणीला भुलायचं नाही. आणि यंत्र बसलं म्हणून ट्यूनिंग चुकत नाही. तारांना संगणकाचं कौतुक नसतं.

"नुसतं वाजवणारं हवं की शिकणारंही? त्याला पट्ट्यांखाली सेन्सर लागतात. तुम्ही जे वाजवाल ते लक्षात ठेवतं. मग म्हणाल तर दोन्ही हात वाजवेल, म्हणाल तर एकच."

"एकच?"

"डावा त्याला द्या, उजवा तुम्ही वाजवा."

पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला वाटतं, मी तिसऱ्यांदाही विचारलं.

१६ मार्च

लेख छापून आला. 'रिकामं स्टूल'. सगळा लेखभर कौतुक, टोमणा औषधालाही नाही. संपादकांचा फोन – "तब्येत बरी आहे ना?"

हिने नाश्त्याला वाचला. पान उडू नये म्हणून डाव्या कोपराखाली दाबून. शेवटच्या ओळीपर्यंत.

"अहो लेखक! हरलात की!"

"हरलो."

"तेही छापील."

"आता तासभर गप्प बसण्याचं देणं लागतो मी तुझं. पण वर्गात. तू खाली नसशील तर वसूल कोण करणार?"

ती बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

"लबाड!" म्हणाली. मग, "ते सेन्सरवालं घे."

२१ मार्च

यंत्र बसवायला मिस्त्री आला. आला तोच फुशारक्या मारत. "एवढे पियानो कापले, एकही रडला नाही!" पट्ट्यांखालच्या फळीला लांब खाच पाडावी लागते.

कापणार म्हटल्यावर ही खाली वर्गात उतरली. झटक्यानंतर पहिल्यांदाच. पियानोवरची दप्तरं एका हाताने उचलून बाकावर नेऊन ठेवली, एकेक करत. मी पुढे झालो तर अशी नजर टाकली की दोन पावलं मागे गेलो.

"डावीकडची ती काळी पट्टी जरा चिकटते. तिला हात लावू नका. सवय आहे तिची."

"ताई, यंत्र अडकेल हो."

"मग यंत्राला शिकवा."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. या घरात सगळेच शिकले आहेत.

२४ मार्च

वाजला! यंत्रात भरून आलेल्या संग्रहातली एक चाल घेतली – डावा यंत्राचा, उजवा हिचा. चिकटणारी पट्टी चिकटली आणि सुटलीही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात हिने हात उचलला.

"थांबत नाही हा."

"कुठे थांबायला हवं?"

"मी थांबायचे तिथे."

"अगं, तिथे तर तू अडखळायचीस!"

दारावर 'ढकला' लिहिलेलं असताना दार ओढणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू वरून ऐकलंस ना," म्हणाली. "वरून."

 

२६ मार्च

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

ही स्टुलावर डावीकडे सरकून बसली आणि उजव्या हाताने डाव्याचं वाजवायला लागली. जाड सुरांच्या पट्ट्या, डाव्याची चाल, डाव्याची वजनं. खालचे सेन्सर ते टिपत होते. चुकली की पुन्हा. पुन्हा. मी जिन्यात बसलो होतो. तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही.

मग उजवीकडे सरकली. हात मांडीवर ठेवला. टॅबलेट दाबला.

डावीकडच्या पट्ट्या खाली बसायला लागल्या. हा संग्रहातला वादक नव्हता. पहिला सूर जरासा दाबून, दुसरा सोडून दिल्यासारखा – माझ्या पायांखालून इतकी वर्षं हाच तर चालत आला होता! कुठेही ओळखला असता.

तिने आपला डावा हात उचलून पट्ट्यांच्या कडेला ठेवला. "बघ रे," त्याला म्हणाली, "हे असं होतं."

मग उजवा सुरू झाला.

२९ मार्च

चालीचे तुकडे करून भरले आहेत. एक तुकडा संपला की पियानो गप्प. पुढचा सोडायला कुणीतरी टॅबलेटवर बोट टेकवायचं.

"कधी टेकवायचं?" मी विचारलं.

"खाली वर्गात कळेल."

मिस्त्री शेवटचे स्क्रू आवळत होता. "ताई, पायाने दाबायचं बटण मिळतं की! माणूस लागतच नाही." मी त्याच्याकडे असं पाहिलं की पाना त्याच्या हातातून सुटला.

"नको," ही म्हणाली. "माणसाकडून येणं आहे माझं."

३१ मार्च

महिनाअखेर. नाचाच्या बाईंनी पियानो ऐकला आणि आरशाचं नाव काढलं नाही. नाक पुसत म्हणाल्या, "परवापासून या."

"उशिरेबाई येते का अजून?" हिने विचारलं. वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी. सगळ्यांनंतर उडी मारते, सगळ्यांनंतर खाली येते, म्हणून हिने ठेवलेलं नाव. असं एक तरी मूल वर्गात दरवर्षी असतंच म्हणे.

"येते हो. पण स्पीकर आल्यापासून उडीच मारत नाही. नुसती धावत जाते आणि कडेला उभी राहते."

 ही मांडीवर बोटं वाजवायला लागली.

२ एप्रिल

जिना उतरलो. स्टुलाशेजारी खुर्ची, मांडीवर टॅबलेट, तोंड बंद.

उड्यांची चाल आली. पोरं धावली, उडाली, उतरली. तुकडा संपला, पियानो थांबला. मी बोट टेकवणार, तर हिने मान हलवली – अजून नाही. मुलांच्या मागून उशिरेबाई धावत येत होती. कडेला थांबली नाही. उडाली. ती हवेत, ही तिच्याकडे बघतेय, आणि सगळा वर्ग शांत. वर बसून मी इतकी वर्षं ज्याला ठेच म्हणत आलो, तो हा थांबा!

पाय टेकले. हिने मान हलवली. मी बोट टेकवलं.

तास संपल्यावर ही म्हणाली, "फिटलं."

मी काही बोललो नाही.