फळप्रक्रियेचा अभ्यास दौरा

मुरुड, गुरुवार

तीर्थस्वरूप मलप्पा दाजी यांना धोंडप्पाचा शरणार्थ.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा, दमा, शुगर, सगळं वेगवेगळं कळवा. अक्काला नमस्कार सांगा. आम्ही इकडं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी मंगळवारपासून मला घास गोड लागत नाही. रविवारी शिवलीलेला पाहायला देगलूरचे पाहुणे येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा तिच्याच कॉलेजात शिकलेला, आता मास्तर आहे, आणि पोरीच्या मनात लई भरलाय (ती बोलत नाही, पण एकच साडी तीनदा इस्त्री करून झाली). भीती आहे ती त्याच्या आजोबांची. हे चन्नबसप्पा म्हणजे गावातली बाटली आडवी करून दारूचं दुकान बंद पाडणारा माणूस. मोठ्या नातवाची ठरलेली सोयरीक त्यांनी नवरीच्या चुलत्याच्या तोंडाला वास आला एवढ्यावर मोडली. आता पुढचं वाचा, आणि शक्यतो बसून वाचा.

तुमच्या उदगीरचा जिल्हा होणार म्हणून इकडं व्यापारी संघात फार हालचाल आहे. आमचे अध्यक्ष रामकिशन यांचं म्हणणं असं, की नवा जिल्हा झाला की नवे कारखाने येणार, तर दुष्काळी मुलखात काय काय निघू शकतं ते आधी पाहून घ्यावं. म्हणून मंगळवारी अभ्यास दौरा काढला. विषय सांगितला फळप्रक्रिया. मला वाटलं जाम, मुरंबा, फार तर चिंचेचा सॉस (माझं चिंचेचं दुकान, माणूस आपल्याच मालाचा विचार करतो). चौदा जण निघालो, त्यांत अकरा आपले लिंगायत. हदगावच्या अलीकडं गाडी एका शेडपाशी थांबली. आत गारेगार, लाकडी पिंपं ओळीनं मांडलेली, आणि एक मुलगी फार गोड बोलत होती. द्राक्षाचा रस आहे, असंच म्हणाली. चव बघायला ग्लास द्यायचे, पण धुवायला पाणी नव्हतं, म्हणून तिनं एका भांड्यात काढून लांब दांड्याच्या चमच्यानं द्यायला सुरुवात केली.

दाजी, इथं घात झाला. समोरून कुणी पळीनं काही देऊ लागलं की आपला उजवा हात आपोआप पुढं जातो, हे तुम्हाला सांगायला नको. मी वयानं मोठा म्हणून पुढं होतो. तळहातावर घेतलं, तोंडाला लावलं, आणि उरलेला ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. माझं बघून मागच्या दहाही जणांनी तेच केलं. ती मुलगी बघतच राहिली. मग तिनं सांगितलं की ही वाइन आहे, आणि बाकीचे लोक वास घेऊन, चव बघून थुंकून टाकतात. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून माफी मागितली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढं हिमायतनगरला मधाचं निघालं. मध तर अभिषेकाला चालतो, असं रामकिशन म्हणाले आणि हात परत पुढं गेला, परत डोक्यावर फिरला (सवय, दाजी, सवय). तो मध मुरवून त्याची दारूच केलेली आहे हे बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं, आम्ही ती निघताना वाचली. तिसरा नांदेडजवळ बियरचा कारखाना. तिथं मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो, तर तोटीचा फेस उडून नेमका माझ्याच टाळूवर. खरं सांगतो, बियर तिथं कुणी पाहिलीच नाही. तिथं पाण्याची एक टाकी होती, काठोकाठ भरलेली. चौदा माणसं तिच्याकडं बघत उभी होती, शेवटी चौकीदारानं हाकललं.

घरी आलो तर सिद्धम्मानं दारातच नाक धरलं. ती एवढंच म्हणाली, "डोक्यानं पिऊन आलात का?" केसांत खोबरेल होतं, त्यात तिन्ही वास मुरले. धुवावं म्हटलं तर नळ येऊन बारा दिवस झालेले, पुढचा थेट सोमवारी. दोन पिंपं भरलेली आहेत, पण ती पाहुण्यांची, आणि सिद्धम्मा त्यांच्यापाशी पाट टाकून बसलीय. बेसन चोळलं, लिंबू चोळलं, विभूती चोळली. वास गेला नाही, उलट त्यात भज्याचा मिसळला. पोरीनं एकदा जवळ येऊन हुंगलं आणि सरळ आत गेली, ते मला फार लागलं. शेवटी काल सकाळी न्हाव्याकडं जाऊन डोकं सफाचट करून घेतलं. वास गेला. तेव्हा आता काळजी नसावी.

तुमचा,
धोंडप्पा

ता. क. वास गेला, पण वस्तरा चालू असतानाच आपल्या सोयरिकीतले मध्यस्थ ईश्वरप्पा दुकानात आले. मुंडण बघून त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी फार घाबरलो होतो. माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. (तिरुपतीला नवस बोललो होतो म्हणता आलं नसतं का, असं सिद्धम्मा म्हणते. तेव्हा सुचलं नाही.) आपल्यात सुतक धरत नाहीत, त्यामुळं बोलणी थांबलेली नाहीत, एवढं समाधान आहे.

दुसरा ता. क. ईश्वरप्पांनी तिथूनच देगलूरला फोन लावला. चन्नबसप्पा शनिवारी निघणार, आणि उदगीर वाटेतच आहे म्हणून दहा वाजता अक्काला भेटून मग पुढं येणार. तरी नऊलाच तुम्ही मळ्यात जावं. अक्काच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ तेवढी दहाची ठेवा. सध्या फोनही तुम्ही उचलू नका, म्हणून तर हे पत्र नरसिंग कंडक्टरच्या हाती पाठवतोय.

तिसरा ता. क. शिवलीला तुमच्या मांडीवर खेळलेली आहे. तुम्ही नसताना मी तिच्यावर अक्षता पडू देणार नाही. लग्नाला तुम्ही यायचंच, तुमचे धाकटे भाऊ म्हणून. मिशी तेवढी काढावी लागेल.