चाके आतच राहिली

आश्विन शु. ८, शके १९१०

पाठ उरकून अंगणात आलो तर चि. माधव ट्रॅक्टरच्या मागे उकिडवा बसून दोन चाकांमधले अंतर सुतळीने मोजीत होता. श्रावणात कपाशीच्या ओळींत मावावीत म्हणून चाके आत घेतली होती. ती तशीच आहेत. यंत्र माधवाहूनही वयाने वडील. अंगाने उंच, पायांत अरुंद.

म्हणाला, "अण्णा, दसऱ्याला टेकडीवर न्यायचा तर चाकं बाहेर घ्यावी लागतील. वाट आडव्या उताराची हाय. उद्या रहीमभाईला बोलवून राह्यलो."

मी "बरे" म्हणालो. उद्या खंडेनवमी, हे त्या क्षणी माझ्या ध्यानी आले नाही. त्याच्याही नाही.

आ. शु. ९

शस्त्रपूजन यथासांग. फाळ, विळे, कुऱ्हाड, जॅक, नट खोलायचे पाने, सर्व देवघरात मांडले, हळदकुंकू, झेंडू. ट्रॅक्टरास जागीच हार. त्यानंतर वाटूरचा मेस्त्री रहीमभाई आला. माधव पाने घ्यायला देवघराकडे निघाला, त्यास थांबविले. पूजेस बसलेले हत्यार सोने लुटून, उत्तरपूजा होईपर्यंत आमच्या घरी हलत नाही. वडिलांनी पाळले, आजोबांनी पाळले.

"अर्ध्या घंट्याचं काम हाय, अण्णा."

"अर्धा क्षणही नाही."

रहीमभाई सायकलीवरची पिशवी वाजवीत म्हणाला, "माझे पाने कुठं पूजेला बसलेत? ते तर सायकलीवर हायती."

"यंत्र बसले आहे ना?"

"मंग उद्या ते टेकडीवर कसं जातं?" हे माधव. "म्हंजे चालवायचं चालतं, पण खोलायचं न्हाई?"

पूर्वी सीमोल्लंघनास बैलजोडी जाई, आता हे वाहन जाते. वाहनाचे चालणे हाच त्याचा सत्कार, असे मी सविस्तर सांगितले. रहीमभाई चहा घेऊन गेला, जाताना माधवास म्हणाला, "चढाच्या अंगाला वजन ठेवा, अन् हळू."

माझे निरूपण चांगले झाले. (वरील ओळ नंतर वाचली. खोडणार नाही.)

आ. शु. १०

लिहिता येत नाही.

आ. शु. ११. जालना, इस्पितळ.

काल टेकडीच्या पायथ्याशी वरचे चाक बांधावर चढले. मी त्याच बाजूच्या मडगार्डवर, मांडीवर पूजेचे तबक. माधव ओरडला, "अण्णा, उडी टाका." मी टाकली नाही; फेकला गेलो, कपाशीत, मऊ मातीत. ओरखडाही नाही.

ट्रॅक्टर खालच्या अंगाला आडवा झाला. माधव कमरेपर्यंत त्याखाली. माणसे हातांनी उचलू लागली, हलेना. कोणीतरी ओरडले, "जॅक आणा." सूनबाई सौ. सुमन बायकांबरोबर मागून येत होती. ती घराकडे धावली आणि देवघरातला जॅक उचलून आणला. त्यावर नवमीचे कुंकू होते, मुठीखाली झेंडूची पाकळी चिकटलेली. तिने मला विचारले नाही. विचारायला हवे होते असे कोणासही वाटले नाही. मलाही नाही.

म्हणजे तो नियम उचलता येत होता.

आ. शु. १२

डॉक्टर म्हणाले, मणक्यास मार आहे. पाय हलत नाहीत, स्पर्शही कळत नाही. सूज उतरल्यावर काय ते सांगता येईल. किती दिवस, विचारले. म्हणाले, "बघू."

गावची मंडळी भेटीस आली. एकाने विचारलेच, "माधवराव, चाकं आत हायती हे ध्यानात न्हाई आलं का?"

माधव म्हणाला, "राहून गेलं."

रहीमभाई खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो फरशीकडे पाहत राहिला. मी जप करीत होतो, म्हणजे ओठ हलवीत होतो.

आ. शु. १५

जन्मभर पोथ्या वाचल्या. आपद्धर्म म्हणजे काय, हे गावास मी समजावून सांगत आलो. संकट आले असता नियम शिथिल होतो, एवढेच लोकांना सांगितले. संकट येऊ नये म्हणून तो शिथिल करावा, हे मला एकदाही सुचले नाही. यंत्र तिरपे होऊन पडेपर्यंत मला संकट दिसलेच नाही. माधवास सुतळीवर दिसले होते.

संध्येस बसलो. अर्घ्याचे पाणी हातातच राहिले. कोणास उद्देशून सोडावे?

आ. व. २

रहीमभाई आला होता. ट्रॅक्टर उभा केला, मडगार्ड सरळ केले म्हणतो. व्हरांड्यात मला म्हणाला, "चाकं बाहेर घेतली, अण्णा. न पुसताच घेतली." मग घाईने, "तसं काही न्हाई, करायचीच होती." मी त्याचा हात धरला. तो सोडवून घेऊन, सायकल बाहेर आहे, म्हणाला.

आ. व. ३

आज सुमनला सांगितले. ती नळावर डबा घाशीत होती. म्हणालो, "सूनबाई, त्याच्याकडून राहून गेले नाही. मी करू दिले नाही."

तिने डबा उपडा ठेवला. "मला ठावं हाय. मी चुलीपाशीच होते तवा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा बोलताव ते बघून राह्यले होते." मग दुसरा डबा घेत, "ह्यांनीच सांगितलंय, अण्णाला कोणी काही म्हनू नका. म्हातारपणी त्यांना सोसायचं न्हाई."

सर्वांनी मिळून मला झाकले आहे.

"आता माझ्यापाशी नका सांगू," ती म्हणाली. "त्यांच्यापाशी जा."

आ. व. ४

गेलो. सकाळची वेळ, ऊन खाटेवर आले होते. माधव जागा होता. शब्द जुळवूनच गेलो होतो, तीन वाक्ये. पहिले उच्चारणार तोच तो म्हणाला, "अण्णा, जरा पायाला हात लावून बघता का? आज कळंल असं वाटून राह्यलं."

मी चादर सारली. त्याच्या उजव्या पावलावर हात ठेवला. पाऊल ऊबदार होते. लहानपणी याच टाचेत काटा मोडला होता.

तो छताकडे पाहत वाट पाहत होता. मी हात दाबला.

म्हणाला, "लावा ना हात, अण्णा."