पायातला दम

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेय. काल सकाळी मंद्रूपच्या रस्त्यावर मी जे केलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितेय.

आधी तो दिवस. मी दहावीत होते. शाळेच्या खेळाच्या बाई बार्शीच्या सायकल शर्यतीचा फॉर्म घेऊन शुक्रवार पेठेतल्या आपल्या सायकलच्या दुकानात आल्या. तुम्ही चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होता, स्पोकची चावी हातात, नजर रिमवर. बाई म्हणाल्या, "तुमची पोरगी चांगली चालवते, फक्त सही करा." तुम्ही चाक फिरवत राहिलात. ते थांबल्यावर म्हणालात, "बाई, रोज बघतो की मी तिला. पायात दम न्हाय तिच्या. उगं हसं व्हईल." पोरीच्या जातीला शर्यत कशाला, असं म्हणाला असता तर मी भांडले असते, त्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण तुमच्या नजरेला सगळी पेठ मानायची. दुकानासमोरून कुणी सायकलवर गेलं की नुसतं पाहून तुम्ही सांगायचात, ह्याची सीट खाली हाय, त्याचा गुडघा दुखतोय. त्या नजरेनं मला नापास केलं, तेही बाईंसमोर. फॉर्म कोराच परत गेला. मी त्या दिवशी शाळेला चालत गेले, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं सायकलला पाय लावला नाही.

आता मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. गेल्या वर्षी साखर वाढली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा हट्टानं सायकलच घेतली. पहिल्याच चढावर तुमचं ते वाक्य कानात. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हाच ठरवलं, दम आहे की नाही ते आता आकड्यात बघायचं. पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र बाजारात मिळतं. आमचे हे म्हणाले, "घेऊन टाकू की." मी नाही म्हणाले. दुसऱ्याच्या मापावर एकदा विश्वास ठेवून झाला होता. मला माझं माप हवं होतं, माझ्या हातानं केलेलं.

तुम्हाला कळेल असं सांगते. पॅडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक. पाय दाबला की तो वाकतो, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका. त्यावर नखाएवढी पातळ पट्टी चिकटवायची. दांडा वाकला की पट्टी ताणली जाते, तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते, आणि काड्यापेटीएवढ्या डबीतली चिप त्यावरून जोर ओळखते. क्रँक किती वेगानं फिरतोय ते दुसरा सेन्सर सांगतो. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे वॅट. सांगायला एवढंच आहे, करायला मला सात महिने लागले. पहिल्या चार पट्ट्या वाया गेल्या. चिकटलेल्या दिसायच्या आणि आकडा दारू प्यायल्यासारखा झुलायचा. एका रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर क्रँक ठेवून बसले होते आणि तुमचा आवाज आठवला. मी आठ वर्षांची, पंक्चरवर घाईघाईनं सोल्युशन लावतेय आणि तुम्ही हातावर चापट मारताय: "घासल्याबिगर लावू नगंस. वरनं चिकटल्यालं दिसतं, आतनं चिकटत न्हाय." मी पॉलिश पेपर घेऊन क्रँक पांढराशुभ्र होईतो घासला. पाचवी पट्टी बसली ती बसलीच. हे तुमचं, ते मी नाकारत नाही.

मग माप पडताळायला वजनं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाच आणि दहा किलोची मागून आणली. तो म्हणाला, "ताई, सायकल विकताय का किलोवर?" क्रँक आडवा धरून पॅडलला एकेक वजन टांगायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. दुपारी तर वजन न टांगताच आकडा चढायला लागला. आपल्या सोलापूरचं ऊन, दुसरं काय! दांडा तापला की शून्य जागेवर राहीना. मग चिपला तापमान मोजून तेवढा फरक वजा करायला शिकवलं.

सकाळच्या आमच्या सायकलवाल्यांत एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या पॅडलमध्येच परदेशी मीटर आहे. माझी डबी पाहून हसले. "मॅडम, असलं घरी होत नसतं." मी म्हटलं, "मग द्या तुमची पॅडल. दोन्ही एकाच सायकलवर लावू." त्यांना नाही म्हणता येईना. काल सकाळी, वारा सुटायच्या आत, मी मंद्रूपच्या रस्त्याला लागले, ते शेजारून स्कूटरवर. हँडलला दोन फोन, एकावर त्यांचा आकडा, एकावर माझा. दहा किलोमीटरनंतर त्यांनी वाकून पाहिलं. तीन-चार वॅटचा फरक. म्हणाले, "कमाल आहे. कुणी शिकवलं?" मी त्यांना तिथंच थांबवलं आणि पुढं वीस मिनिटं जीव खाऊन सायकल मारली. छाती फुटायची राहिली, मांड्या पेटल्या, एका ट्रॅक्टरवाल्यानं "लई पळती की बाई!" म्हणून हाक दिली. थांबले तेव्हा पडद्यावर वीस मिनिटांची सरासरी होती, एकशे अडुसष्ट वॅट.

एकशे अडुसष्ट, अण्णा. सेहेचाळिसाव्या वर्षी, साखर असताना. जिंकणारा आकडा नाही, हसं होणाराही नाही. तुमची नजर इथं उभी असती तर मी तिला म्हटलं असतं, बघ आणि खोटं बोलून दाखव.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. समोर असता तर केली नसती. सोळाव्या वर्षी माझ्या पायात किती दम होता हे माझं यंत्र सांगू शकत नाही. तुमचं तेव्हा बरोबरही असेल. मी शेवटून पहिली आले असते, बार्शीचं सगळं मैदान हसलं असतं. पण अण्णा, ते हरणं माझं होतं. ते तरी मला द्यायचं होतं.